घर-पोरं सांभाळून कोकणात जमीन आणि फ्लॅट विकायचं काम कसं उभं करायचं

हा धंदा सुरू करू का असं विचारणारे फोन मला सारखे येतात, जास्त करून बायकांचे, हल्ली मुंबईची नोकरी सोडून गावी परत आलेल्या दादालोकांचे पण, आणि सगळ्यांना खरं विचारायचं असतं ते एकच की ताई, घर सांभाळून जमेल का हे. जमतं. मी चिपळूणला राहते, चिपळूण-गुहागर आणि खाडीपलीकडे थोडं दापोली असं काम करते, मुलं शाळेत आहेत, सासूबाई घरात आहेत, मिस्टरांची लोट्याला शिफ्टची नोकरी. पण जमायला हवं असेल तर काम कुठल्या टोकाने धरायचं हे आधी कळायला हवं.

लोकांना वाटतं एजंट म्हणजे गाडी काढायची, पार्टीला जागा दाखवायची, गोड बोलायचं. आपल्याकडे व्यवहार अडतो कागदावर आणि मोडतो भाऊबंदकीत, जागा पसंत पडली नाही म्हणून मोडलेले व्यवहार त्यामानाने कमीच. आणि कागद बघायचं काम घरी बसून होतं, मोबाईलवर, पोरं झोपल्यावर, कुकर लावून ठेवल्यावर. ज्याने आधी कागद बघितला त्याचे शनिवार-रविवार वाचतात, ज्याने नाही बघितला तो दर रविवारी नवीन पार्टी घेऊन वेळणेश्वरला जातो आणि पोरांचे वाढदिवस चुकवतो. पुढे जे काही सांगतेय ते सगळं ह्याच्यावरच उभं आहे.

सगळ्यात आधी नोंदणी

महाराष्ट्रात १ मे २०१७ पासून रेरा (बांधकाम प्रोजेक्टच्या विक्रीवर नियम घालणारा कायदा) लागू आहे आणि महारेराकडे, म्हणजे त्या कायद्याच्या राज्यातल्या प्राधिकरणाकडे, नोंदलेल्या प्रोजेक्टमधला फ्लॅट किंवा प्लॉट विकायचा असेल तर एजंटची स्वतःची नोंदणी लागतेच. एकट्या माणसाला फी दहा हजार रुपये, नोंदणी पाच वर्षं चालते. २०२३ पासून त्याच्याआधी वीस तासांचं ट्रेनिंग आणि परीक्षा पण करावी लागते, ते सर्टिफिकेट असल्याशिवाय नोंदणी होत नाही. परीक्षेला घाबरू नका, दहावीनंतर पुस्तक हातात न धरलेल्या बायका पास झालेल्या मी बघितल्यात. पावसाळ्यात करून घ्या, तेव्हा तसंही साईटवर कोणी येत नाही. नोंदणी नसताना प्रोजेक्ट विकला तर दिवसाला दहा हजार दंड आहे आणि तो वाढत वाढत त्या मालमत्तेच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत जातो, त्यामुळे "ओळखीतल्या बिल्डरचं आहे, मी नुसती पार्टी पाठवते" असला विचार नको.

सुट्या शेतजमिनीला, कोणाच्या जुन्या घराला रेरा थेट लागत नाही, पाचशे चौरस मीटरपर्यंतच्या जागेवरच्या किंवा आठपर्यंत फ्लॅटच्या छोट्या बिल्डिंगलाही प्रोजेक्टची नोंदणी लागत नाही. तरी नोंदणी करूनच घ्या. मुंबईचा माणूस फोनवर पहिला नंबर तोच विचारतो आणि बाईमाणूस एकटी काम करते तेव्हा तो नंबर ढालीसारखा उपयोगी पडतो, निम्मे आगाऊ लोक तिथेच नीट बोलायला लागतात. आणि फ्लॅटमध्ये काम करणार असाल तर हे पण पाठ करून ठेवा की रजिस्टर अ‍ॅग्रीमेंट केल्याशिवाय बिल्डरला दहा टक्क्यांपेक्षा जास्त पैसे घेता येत नाहीत. पार्टीला हे आपणहून सांगा. बिल्डर थोडा नाराज होईल पण पार्टी पुढची दोन माणसं तुमच्याकडेच पाठवेल.

किती लांबचं काम घ्यायचं

घरापासून तासाभराच्या आतलं, एवढाच नियम सुरुवातीला ठेवा. अलिबागमध्ये पैसा आहे हे मलाही दिसतं, भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला गाडीसकट बोट २०२० ला चालू झाली, २०२४ ला अटल सेतू झाला, तिकडचे भाव ऐकून डोळे फिरतात. चिपी विमानतळ २०२१ ला चालू झाला तेव्हापासून वेंगुर्ले-मालवणच्या जमिनींचेही फोन येतात. पण मी चिपळुणात बसून मालवणची जमीन विकायला गेले तर तिथला तलाठी ओळखीचा नाही, शेजारी ओळखीचा नाही, आणि परत यायला रात्र. सिंधुदुर्गातले जमिनीचे प्रश्नही वेगळे, आकारीपड, वनसंज्ञा, आंबोली-गेळे-चौकुळचं कबुलायतदार गावकर, हे सरकारी नोंदींतले जुने गुंते तिथल्याच माणसाला नीट कळतात. ज्याला ते काम आपण देतो त्याच्याशी कमिशन वाटून घ्यायचं आणि आपण घरी जेवायला हजर असायचं, हे मला केव्हाही परवडतं.

धोपावे-दाभोळ जंगलजेट्टीमुळे (गाड्या नेणारी फेरीबोट) गुहागरवरून दापोली जवळ वाटतं, पण शेवटची बोट चुकली की पूर्ण खाडीला वळसा मारून यावं लागतं, म्हणून पलीकडचं काम मी सकाळच्या पहिल्या टप्प्यातच करते आणि मुलांच्या परीक्षेच्या आठवड्यात तर खाडी ओलांडतच नाही.

आता कागद, इथे वेळ द्या

कोणी फोन करून सांगितलं की वहिनी आमची वीस गुंठे जागा विकायचीय, तर लगेच बघायला पळू नका. गट नंबर आणि गाव विचारा, फोन ठेवा, सातबारा काढा. नुसता बघायला फुकट दिसतो, डिजिटल सहीवाला पंधरा रुपयात मिळतो. रात्री ओट्यावरचं आवरलं की मी जेवणाच्या टेबलावर बसते आणि एकेक रकाना वाचते.

पहिलं बघायचं भोगवटादार वर्ग. वर्ग १ असेल तर बरं. वर्ग २ असेल तर सरकारी परवानगीशिवाय विकता येत नाही, म्हणजे तिथे महिने जाणार. मग मालकांची नावं मोजायची, आणि ज्या नावांना कंस झालाय (म्हणजे ते नाव कमी झालंय) ती सोडायची. मग खाली इतर अधिकार, आणि खरी गंमत नाही तर खरा त्रास तिथेच असतो. तिथे कुळाचं नाव असेल, सोसायटीचा बोजा असेल, कुळकायद्याच्या ४३ ची अट (परवानगीशिवाय विकायचं नाही) असेल, कुठे कोर्टातल्या दाव्याची नोंद, कुठे खाजगी वनाची. १९७५ च्या खाजगी वन कायद्यात गेलेली जमीन डोळ्याला साधं वरकस रान दिसतं, करवंदाच्या जाळ्या आणि चार किंजळ, मालक पण म्हणतो आजोबांपासून आमचीच आहे, आणि उताऱ्यावर एक ओळ असते बस. ती ओळ ज्याने वाचली नाही त्याने पुढे कितीही धावपळ केली तरी व्यवहार होत नाही.

प्रत्येक नोंदीपुढे फेरफार (उताऱ्यात बदल कसा झाला त्याची नोंद) नंबर असतो. तो फेरफार काढून वाचायचा, कंटाळा करायचा नाही. जमीन त्या घरात आली कशी, खरेदीने, वारसाने का कुळ म्हणून, हे फेरफारातच कळतं. शेवटचा सर्च (जुन्या व्यवहारांचा तपास) वकिलाकडूनच करून घ्यायचा, तीस वर्षांचा, ते आपलं काम नाही, पण वकिलाकडे जायच्या आधीच शंभरातल्या कितीतरी जागा तुम्ही स्वतः बाजूला करू शकता आणि तेवढे पेट्रोल, तेवढे रविवार वाचतात.

शेतजमीन असेल तर पार्टी शेतकरी आहे का हा प्रश्न पहिल्याच फोनवर. कुळकायद्याच्या ६३ कलमामुळे शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. लोक रील बघून फोन करतात, समुद्राजवळ पाच गुंठे पाहिजे, आणि स्वतःच्या नावाचा सातबारा कुठेच नाही. त्यांना प्रेमाने एनए (बिगरशेती) प्लॉट नाही तर गावठाणातलं जुनं घर सुचवायचं. पाच-पाच गुंठ्यांचे तुकडे पाडून, सगळ्यांची नावं एकाच सातबाऱ्यावर सामाईक चढवून "फार्म प्लॉट" म्हणून विकणारे आहेत, कमिशनही घसघशीत देतात. त्यांच्या वाटेला जाऊ नका. तुकडेबंदीचा कायदा १९४७ चा आहे, त्याचे नियम अधूनमधून बदलतात म्हणून तलाठ्याकडे (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) ताजी स्थिती विचारायची, पण ज्याला तुकडा विकलाय तो माणूस उद्या घर बांधायला गेला आणि परवानगी नाही मिळाली तर तो बिल्डरला शोधत नाही, तुमच्या दारात येतो, पोरांसमोर.

समुद्राला लागून जागा असेल तर सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यावरच्या बांधकामाचे नियम. २०१९ च्या नियमाप्रमाणे कमी दाट वस्तीच्या गावांत भरतीच्या रेषेपासून दोनशे मीटर विनाविकास क्षेत्र धरतात, म्हणजे बाहेरून आलेल्या माणसाला तिथे नवीन बंगला बांधता येणार नाही. "सी टच" म्हणून ज्या जागेला दुप्पट भाव सांगतात ती बऱ्याचदा हीच असते. मी सरळ सांगते, इथे माड लावा, संध्याकाळी बसा, घर होणार नाही. अर्धे जण निघून जातात. जाऊ द्या.

आणि आपल्याकडच्या दोन गोष्टी ज्या कुठल्याच ट्रेनिंगमध्ये शिकवत नाहीत. एक, घर एकाचं आणि जमीन दुसऱ्याची. असेसमेंटच्या (ग्रामपंचायतीच्या घरपट्टीच्या) उताऱ्यावर घर आणि सातबाऱ्यावर जमीन, दोन्ही नावं जुळतात का ते बघायचं. दुसरं, झाडं. कलमांची बाग असेल तर यंदाच्या हंगामाला कराराने दिलीय का हे विचारा. जानेवारीत साठेखत (खरेदीखताआधीचा विक्रीचा करार) झालं, पार्टी खूश, आणि एप्रिलमध्ये बागवाला आंबे उतरवायला हजर, त्याने पैसे आधीच मोजलेले. तो बिचारा बरोबरच असतो. साठेखतातच लिहायचं की चालू हंगामाचं पीक कोणाचं, एका ओळीचं काम.

हिस्सेदार

खरा वेळ इथे जातो. एक काका आले होते, जागा सुंदर, वर कातळ आणि खाली वाडी, बारमाही विहीर.

"काका, उताऱ्यावर अजून तुमच्या वडलांचंच नाव आहे."

"अगो बाय, ते जाऊन किती वर्षं झाली. आता सगळं माझंच हाय."

"बहिणी किती तुम्हाला?"

"तीन. पण त्या काय मागायच्या नाहीत."

हे वाक्य मी इतक्या ओट्यांवर ऐकलंय. २००५ च्या दुरुस्तीपासून मुलीचा हक्क मुलाच्या बरोबरीचा आहे, आणि मागायचं की नाही ते त्या तिघी सांगतील, भाऊ नाही. मी त्या काकांना म्हटलं आधी वारस तपास करून सगळ्यांची नावं लावून घ्या, बहिणींना मी स्वतः फोन करते. केला. दोघींनी हक्कसोड करून दिलं, एकीने हिस्सा मागितला आणि तिला मिळाला. व्यवहार उशिरा झाला पण झाला, आणि नंतर कोणी कोर्टात गेलं नाही. बहिणींना "नुसती सही कर" म्हणून रजिस्टर ऑफिसला घेऊन येणारे लोक असतात, तिथे आपण गप्प बसायचं नाही. आपणही कोणाच्या तरी बहिणी आहोत. कागदात काय लिहिलंय ते तिला वाचून दाखवा, तिला न कळता झालेली सही हा तुमच्या व्यवहाराचा सगळ्यात कच्चा दुवा असतो.

चाकरमानी मंडळी सगळी एकत्र येतात ती गणपतीत, नाहीतर शिमग्याला. म्हणून श्रावणातच उतारे, फेरफार, कुळी कशी पडते तो वंशवेल सगळं तयार करून ठेवायचं आणि गौरीजेवणानंतर दुपारी ओटीवर सगळे भाऊ बसलेले असतात तेव्हा तासभर वेळ मागायचा. त्यापेक्षा जास्त नको, त्यांचाही सण आहे आणि आपलाही. माझ्या घरी गणपती असतो, आरतीच्या वेळेला मी कोणाचाही फोन घेत नाही आणि हे सगळ्यांना आधी सांगून ठेवलेलं असतं, त्याने आजवर एकही व्यवहार गेलेला नाही. जो दुबईत आहे, येऊ शकत नाही, त्याचं कुलमुखत्यारपत्र लागणार हेही तेव्हाच बोलून घ्यायचं.

अजून एक सांगते, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारत जा. कोणतं घर कुठल्या शाखेचं, कोण कुठून दत्तक आला, कोणाची वाट कोणी अडवली, हे माझ्या सासूबाईंना तोंडपाठ आहे. गावाचं नाव काढलं की त्या भाजी निवडता निवडता तीन पिढ्या सांगतात. पहिल्या वर्षी मला वाटायचं घर आणि काम ह्या दोन वेगळ्या ओढाताणी आहेत, पण ज्या माहितीसाठी मुंबईचा एजंट आठवडाभर फिरतो ती माझ्या स्वयंपाकघरात बसलेली असते.

जागा बघायला नेताना

स्वतः आधी एकदा जाऊन या, पार्टीला न घेता. मे महिन्यात विहिरीला पाणी किती, आणि जुलैमध्ये वरून पाणी कुठून उतरतं, ह्या दोन गोष्टी माहीत असल्या की अर्ध्या प्रश्नांची उत्तरं तयार. रस्ता कागदावर आहे का नुसती वहिवाट आहे ते बघा. शेजाऱ्याने आज जाऊ दिलं म्हणजे उद्या डंपर जाऊ देईल असं नसतं, चिरे उतरवायला गाडी आली की गडग्यावरून (हद्दीच्या दगडी बांधावरून) भांडण सुरू. हद्द कुठे विचारलं की मालक हात करून म्हणतो "त्या फणसापासून त्या गडग्यापर्यंत", त्याच्यावर विसंबू नका, भूमी अभिलेखची मोजणी मागा. पावसात मोजणी अडते, म्हणून अर्ज दिवाळीच्या आसपास पडेल असं बघायचं. आणि गुंठा आणि आर एकच धरू नका, गुंठा १०८९ चौरस फूट, आर साधारण १०७६. दोन गुंठ्यांना फरक पडत नाही, चाळीसला पडतो.

चिपळुणातला फ्लॅट असेल तर २२ जुलै २०२१ चा पूर. प्रत्येक पार्टी विचारते पाणी कुठवर आलेलं, आणि नाही विचारलं तरी मी सांगते. गेटवर, जिन्यात, मीटरच्या खोलीत खुणा असतात, त्या हात लावून दाखवते, पूररेषेच्या निळ्या आणि लाल रेषेत बिल्डिंग कुठे बसते ते सांगते. त्या दिवसात आम्ही काय बघितलंय ते आम्हाला माहीत आहे, कोणाच्या म्हाताऱ्या आईला तळमजल्याचा फ्लॅट गोड बोलून विकायचा आणि रात्री झोपायचं हे माझ्याने होणार नाही. तिकडे श्रीवर्धन-हर्णे पट्ट्यात ३ जून २०२० चं निसर्ग वादळ तसंच, छप्पर कधी बदललं, पोफळी नव्या लावल्यात का, विचारायचं.

बायकांसाठी वेगळं सांगते. अनोळखी पार्टीला पहिल्यांदा ऑफिसात, हॉटेलात, एसटी स्टँडसमोर, कुठेतरी माणसांत भेटायचं, आधारकार्डाचा फोटो मागायचा, लाजायचं नाही. त्यांच्या गाडीत बसायचं नाही, आपली गाडी पुढे. कातळावर रेंज जाते, म्हणून निघायच्या आधी घरी गावाचं नाव आणि परत यायची वेळ सांगून लोकेशन चालू करायचं. वाडीतल्या एखाद्या मावशींना सोबत घ्या, त्यांना थोडे पैसे द्या, त्यांना रस्ते पण माहीत असतात. संध्याकाळी चारनंतर नवीन साईट नाही.

पार्टी निवडायची कशी

ह्यात फार लिहिण्यासारखं नाही. बजेट, शेतकरी आहे का, घर बांधायचंय का पैसे गुंतवायचेत, आणि निर्णय घरात कोण घेतं, एवढे चार प्रश्न फोनवर. शेवटचा महत्त्वाचा, कारण नवरा तीनदा येऊन बघून जातो आणि बायको पहिल्यांदा येते तेव्हा विचारते दवाखाना किती लांब आणि तिथेच संपतं. दोघांना पहिल्याच वेळी एकत्र बोलवा. फोटो आणि व्हिडिओ आधी पाठवा, चांगले पण आणि वाईट पण, कच्चा रस्ता लपवू नका. ते बघूनही जो येतो तोच खरा.

फोनच्या वेळेचं मात्र बघा. मुंबईची माणसं लोकलमधून उतरून जेवून निवांत फोन करतात तो साडेनऊला, आणि तीच आपल्या पोरांची झोपायची वेळ. मी आठवड्यातल्या दोन रात्री फोनला ठेवल्यात, मंगळवार आणि शुक्रवार, बाकी दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर आपोआप मेसेज जातो की उद्या सकाळी दहानंतर बोलू. सुरुवातीला भीती वाटते की पार्टी हातची जाईल. जमीन घेणारा माणूस एका रात्रीत जात नसतो, तो सहा महिने बघत असतो.

पैसे

हा भाग नीट वाचा कारण घर ह्याच्यावर चालतं. पहिला व्यवहार लागायला वेळ लागतो, आणि लागला तरी टोकनपासून खरेदीखतापर्यंत महिने जातात, मधे वारस फेरफाराची मुदत, मोजणी, कर्ज मंजुरी. तोवर हातात काही नसतं. म्हणून घरात एक पगार चालू असेल तरच पूर्णवेळ उतरा, नाहीतर शिवणकाम, क्लासेस, पतपेढीतली नोकरी जे असेल ते चालू ठेवा आणि सहा-आठ महिन्यांचा घरखर्च बाजूला पडल्यावर सोडा.

कमिशन आधी ठरवा आणि लिहून घ्या. आमच्या भागात साधारण दोन टक्के बोलतात, फ्लॅटला बिल्डर देतो. साध्या कागदावर दोन ओळी, किती आणि कधी, सही, त्याचा फोटो. मी अर्धं साठेखताला आणि अर्धं खरेदीखताला घेते. नात्यातला व्यवहार असेल तर मोफत करा नाहीतर पूर्ण घ्या, "बघू नंतर" ठेवू नका, त्याने पैसे पण जातात आणि लग्नकार्यात बोलणं पण बंद होतं. आणि वर लावून विकायचं, म्हणजे मालकाला पन्नास सांगायचं, पार्टीला ऐंशी आणि मधले तीस आपले, हे सगळीकडे चालतं म्हणून तुम्हालाही कोणी शिकवेल. शिकू नका. आपली गावं छोटी आहेत. मालक आणि पार्टी एक दिवस चहाला बसतातच, आणि तुमची पोरं त्याच शाळेत जातात.

रोख वीस हजार आणि त्यावर जमिनीच्या व्यवहारात घ्यायला कायद्याने बंदी आहे, त्यामुळे टोकन पण बँकेतूनच. किंमत पन्नास लाख किंवा त्यापुढे गेली की (खेड्यातली शेतजमीन सोडून) घेणाऱ्याने एक टक्का टीडीएस, म्हणजे आधीच कापून भरायचा कर, कापायचा असतो, हे पार्टीला आधी सांगितलंत तर शेवटच्या दिवशी गोंधळ नाही. स्टॅम्प ड्युटी व्यवहाराची किंमत आणि रेडीरेकनर (सरकारने ठरवलेला दर) ह्यात जे जास्त त्यावर लागते, नोंदणी फी एक टक्का पण जास्तीत जास्त तीस हजार. राहतं घर बाईच्या नावावर घेतलं तर स्टॅम्प ड्युटीत एक टक्का सवलत मिळते, हे तर प्रत्येक नवरा-बायकोला सांगाच, कितीतरी घरं तेवढ्यामुळे बायकांच्या नावावर झालीत. तुमचं स्वतःचं कमिशन वर्षाला वीस लाखांच्या वर जायला लागलं की जीएसटी नोंदणी, तोपर्यंत एक साधा सीए आणि वेळेवर रिटर्न पुरे.

कमिशन आलं की लगेच सोनं किंवा फ्रीज नको. मी ते वेगळ्या खात्यात ठेवते, तिथून दर महिन्याच्या एक तारखेला घरखर्चाच्या खात्यात ठराविक रक्कम येते, पगारासारखी, मोठा व्यवहार झाला तरी तेवढीच आणि कोरडा महिना असला तरी तेवढीच. जूनची शाळेची फी आणि वह्या-पुस्तकं ह्यासाठी पोस्टात आरडी. मेडिक्लेम आधी, गाडी नंतर.

घरात

नवऱ्याला, सासू-सासऱ्यांना पहिल्या दिवसापासून हिशोब दाखवा. किती पेट्रोल गेलं, कुठला व्यवहार कुठे अडकलाय, किती येणार. घरच्यांना बाई दिवसभर फिरते एवढंच दिसतं आणि पैसे सहा महिन्यांनी दिसतात, मधल्या काळात कुरबुर होते ती माहिती नसल्यामुळे. आमच्याकडे रविवारी सकाळी नाश्त्याला पुढचा आठवडा ठरतो, कोणाची शिफ्ट, कोणाची परीक्षा, कुठली साईट, आणि महिन्यातला एक रविवार पूर्ण बंद, त्या दिवशी कोणी हेलिकॉप्टरने आला तरी जागा दाखवायची नाही. मुलांना पण थोडं कळू द्या. माझी मुलगी आता नकाशावर गट नंबर शोधून देते आणि तिला त्याचं कौतुक आहे.

लहान बाळ असेल तर पहिली दोन वर्षं साईटचं काम घेऊच नका, कागदाचं घ्या. गावातल्या दुसऱ्या एजंटांना उतारे काढून वाचून द्यायचे, वारस नोंदीचे अर्ज भरून द्यायचे, प्रोजेक्टच्या जाहिराती बनवायच्या, (महारेराचा नंबर आणि क्यूआर कोड टाकायला विसरायचं नाही), ह्याचे पैसे मिळतात आणि हात बसतो.

काम वाढलं की सगळं एकटीने ओढू नका. वाडीतलीच एखादी बारावी झालेली, गाडी चालवणारी मुलगी बघा, दाखवायच्या साईट तिच्याकडे द्या, कागद आणि बोलणी स्वतःकडे ठेवा. तिला प्रत्येक फेरीचे पैसे ठरवून द्या, व्यवहार झाला तर वर हिस्सा, आणि तेही लिहून. महारेराच्या ट्रेनिंगची आणि परीक्षेची फी तुम्ही भरा, सातबारा तिलाही वाचायला शिकवा, सुरुवात तिच्या स्वतःच्या घरच्या उताऱ्यापासून करा, बहुतेकदा तिच्या आजोबांचं नाव अजून तसंच असतं.